सातवा वन्समोअर

१

मार्तंड आगटेला रविवार आवडायला लागला तो देवासला आल्यावर. सांगलीत रविवार म्हणजे वडिलांबरोबर मंडईत जायचं आणि त्यांचं प्रत्येक भाजीवालीशी होणारं भांडण मुकाट्याने ऐकायचं. देवासात रविवार म्हणजे संताजीबुवा. सोमवार ते शनिवार तो गियरच्या कारखान्यात स्टॉपवॉच घेऊन कामगारांच्या पाठीमागे उभा असे आणि एका नगाला किती सेकंद लागतात ते लिहून घेई. असल्या माणसाला मित्र मिळणं अवघडच. तो दिसला की 'घडीवाले भिया आ गए' अशी कुजबुज व्हायची आणि सगळ्यांचे हात एकदम मंदावायचे. सत्तावीस वर्षांच्या, बिनलग्नाच्या, खोलीत एकट्याने स्टोव्ह पेटवणाऱ्या मार्तंडाला माणूस म्हणून वागवणारी जागा अख्ख्या गावात एकच होती, आणि ती पिठाच्या गिरणीच्या माडीवर होती.

माडीवर भैयासाहेब आणि त्यांची थोरली बहीण अक्का राहत. मूळचे धारचे, वडील दरबारात मोठ्या हुद्द्यावर. दरबार गेला, धार सुटलं, आणि भैयासाहेबांच्या वाट्याला दोनच गोष्टी आल्या: बोलण्यातली अदब आणि किल्लीचा ग्रामोफोन. बहिणीलाही ते 'अक्का, आपण चहा घेतलात का?' असं विचारायचे. मार्तंडाला पहिल्या दिवशी त्यांनी 'यावं, बसावं' म्हटलं तेव्हा तो मागे वळून आणखी कोण आलंय ते बघायला लागला होता.

रविवारी गिरणी अकरापर्यंत बंद असायची, म्हणून बैठक नऊची. 'संताजीबुवा श्रवण मंडळ' असं भारदस्त नाव आणि सभासद तीन: भैयासाहेब, मार्तंड आणि तारघरातले नारायणराव. नारायणराव देवासातच जन्मले, हिंदी शाळेत शिकले. मराठी मजेत बोलायचे, पण वाचायची वेळ आली की चष्मा घरी विसरल्याचं त्यांना आठवायचं. अक्का सभासद नव्हत्या. रेकॉर्ड लागली की त्या स्वयंपाकघरात जाऊन पोह्यांना फोडणी द्यायच्या, तीही गरजेपेक्षा जरा जास्त आवाज करून.

संताजीबुवा हाटपिपलीकर चौतीस सालीच वारले होते. संगीत नाटकांच्या भरभराटीच्या काळात काळी चारच्या पट्टीत गाणारा हा माणूस आपल्या देवासजवळच्या हाटपिपल्याचा, याचा मंडळाला भयंकर अभिमान. त्यांची एकच रेकॉर्ड शिल्लक होती. नाटक 'संगीत पद्मसेन', पद 'मी न जाई, सखे, अजुनी'. नायक बाणाने घायाळ होऊन पडलाय, नायिकेच्या मांडीवर डोकं आहे, आणि मरता मरता तो हे पद म्हणतो. शेवटी 'अजुनी'वर एक तान जाते ती वरच्या षड्जाला भिडून, तिथे दोनदा गिरकी घेऊन, खाली अशी उतरते की ऐकणाऱ्याने आपण बसलोय की उभे आहोत ते तपासावं.

या तानेत बुवा श्वास कुठे घेतात, हा मंडळापुढचा कायमचा प्रश्न होता. 'सखे' नंतर घेतात, असं नारायणरावांचं म्हणणं. भैयासाहेब म्हणायचे की घेतच नाहीत. यावर चार वर्षं वाद चालू होता आणि कुणालाही तो संपवायचा नव्हता. 'बुवांनी दहा वर्षांत चार ऑर्गनवाले थकवले!' असं भैयासाहेब कौतुकाने सांगत. 'धापा टाकत घरी गेले बिचारे. पायपेटी ती, भाता मारून मारून दुसरं काय होणार!'

आणि धारची ती गोष्ट तर दर रविवारी व्हायचीच. धारच्या प्रयोगात या पदाला वन्समोअर आला. आता मराठी प्रेक्षक वन्समोअर देताना पात्र जिवंत आहे की मेलंय ते बघत नाही. मेलेल्याने उठायचं, पद म्हणायचं आणि पुन्हा मरायचं. बुवा उठले. दुसरा वन्समोअर आला, पुन्हा उठले. बुवांनी उभ्या आयुष्यात वन्समोअर नाकारला नव्हता. असे ते सातदा उठले आणि सातव्या वन्समोअरला मरताना बायकांच्या चिकाच्या पडद्याआडून कोणीतरी खो खो हसलं. बुवा ताडकन उठले, अंगरखा झटकला आणि चालते झाले. पुन्हा ते धारला आलेच नाहीत.

"मी अकरा वर्षांचा होतो," भैयासाहेब दर वेळी सांगत. "आठवा वन्समोअर माझ्या तोंडात तयार होता. ती बाई मला भेटली तर तिला काय बोलेन सांगवत नाही!"

त्या वेळी स्वयंपाकघरात झारा हमखास कढईवर आपटायचा.

मंडळाचे नियम दोन. जाजमाचा मधला भाग मोकळा ठेवायचा, कारण ते रंगपीठ. आणि रेकॉर्डला वन्समोअर द्यायचा नाही. जो देऊ शकत नाही त्याच्याकडे मागणं बरं दिसत नाही, असं भैयासाहेबांचं मत होतं.

२

दिवाळी झाल्यावरच्या एका रविवारी मार्तंडाने कारखान्यातलं स्टॉपवॉच आणलं. चार वर्षांच्या वादात निदान एक खरा आकडा तरी असावा, एवढाच त्याचा हेतू.

रेकॉर्ड लागली. 'अजुनी' सुरू होताच त्याने बटण दाबलं, तान समेवर आली तसं पुन्हा दाबलं. एकोणीस सेकंद. सलग एकोणीस सेकंद, श्वासाची फट नाही! कारखान्यात एवढ्या वेळात गियरचे दोन दात पडतात. मार्तंडाचा ऊर भरून आला, सांगलीतल्या सगळ्या नाट्यगृहांचं पाणी त्याच्या अंगात चढलं, आणि त्याच्या तोंडून खणखणीत आवाजात निघून गेलं, "वन्समोअर!"

स्वयंपाकघरातली फोडणीसुद्धा थांबली.

"अरे भिया," नारायणराव हळूच म्हणाले, "ये क्या कर दिया तुमने?"

मार्तंडाला जाजमाखाली शिरावंसं वाटलं. पण भैयासाहेब अदबीचे. पाहुण्याचा शब्द खाली कसा पडू द्यायचा? ते म्हणाले, "निघालाच आहे शब्द तर असू द्या," आणि त्यांनी किल्ली भरून सुई पुन्हा सुरुवातीला ठेवली.

मार्तंडाने निव्वळ हाताला काहीतरी चाळा म्हणून पुन्हा बटण दाबलं. या वेळी बावीस सेकंद आले.

त्याने घड्याळ झटकलं, कानाला लावलं. घरी जाताना सायकलवर त्याने हिशेब बसवला: स्प्रिंग सैल झाली, तबकडी हळू फिरली, म्हणून तान लांबली. सोपं आहे. मग वाटेतल्या उतारावर त्याच्या लक्षात आलं की तबकडी हळू फिरली तर आवाजही खाली उतरायला हवा. तो काही उतरला नव्हता. षड्ज होता तिथेच होता, उलट जरा जास्तच तेजाळ लागला होता.

मार्तंडाने सायकलचा ब्रेक विनाकारण दोनदा दाबला आणि या विषयावर विचार करायचा नाही असं ठरवलं.

३

पुढच्या रविवारी भैयासाहेबांनी स्वतःहून वन्समोअर दिला. नियम त्यांचाच, त्यामुळे मोडायचा हक्कही त्यांचाच. पहिल्या खेपेला एकोणीस सेकंद. वन्समोअरला सव्वीस.

तिसऱ्या रविवारी पहिल्या खेपेला एकोणीस, वन्समोअरला एकतीस.

पहिली खेप कधी बदलली नाही. ती रेकॉर्डच होती. बदलायची ती दुसरी.

मंडळात आनंदीआनंद झाला. भैयासाहेबांचं म्हणणं, थोर कलावंत तेच पद दोनदा तसंच म्हणत नसतो. "मार्तंड, तुमच्या घड्याळामुळे बुवांना ईर्षा आली बघा!" मार्तंडाला ते पटल्यासारखं झालं. कामगारामागे घड्याळ धरलं की त्याचे हात मंदावतात, मग गवयामागे धरलं की त्याची तान लांबावी, यात आश्चर्य काय? आपण एका मेलेल्या माणसाविषयी बोलतोय, हे त्याला जिना उतरल्यावर आठवायचं.

त्या जिन्याचीच एक गोष्ट होती. सतरा पायऱ्या. भैयासाहेब रोज टेकडीपर्यंत फिरून यायचे आणि सतरा पायऱ्या एका दमात चढायचे. तिसऱ्या रविवारी ते नवव्या पायरीवर थांबले आणि गिरणीच्या पाटीकडे उगाच बघत बसले. चौथ्या रविवारी पाचव्या आणि अकराव्या पायरीवर थांबले.

"हवा पालटली आहे," ते म्हणाले. वन्समोअरला त्या दिवशी सदतीस सेकंद आले.

त्याच दिवशी अक्का जाजम झटकताना कुरकुरल्या, "हे पांढरं काय सांडलंय मधोमध?"

"गिरणीचं पीठ असेल, अक्का," मार्तंड म्हणाला.

अक्कांनी ते चिमटीत धरून चोळलं आणि नाकाशी नेलं. "जन्मभर पिठं मळली आहेत मी. हे पीठ नव्हे." मग त्यांनी नारायणरावांच्या मानेवरच्या पावडरीकडे संशयाने पाहिलं. नारायणराव लाजून पुढच्या रविवारी पावडर न लावता आले. त्या रविवारी जाजमावर जास्तच पांढरं पडलं होतं, आणि मधोमध जाजम असं चेमटलं होतं की जणू कुणी पाय पसरून पडून गेलंय.

४

पाचव्या रविवारी श्वास सापडला.

खेप वन्समोअरची होती. 'सखे' आणि 'अजुनी' यांच्या मधे मार्तंडाला तो अगदी स्पष्ट ऐकू आला. नाकाने ओढलेला, छोटा, सफाईदार. "सापडला!" असं तो ओरडणारच होता, चार वर्षांचा वाद त्याच्या जिभेवर संपत होता. पण तो ओरडला नाही, कारण आवाज कर्ण्यातून आला नव्हता. भैयासाहेबांच्या खुर्चीच्या उजव्या हाताशी, बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर, कुणीतरी श्वास घेतला होता. आणि त्याच क्षणी भैयासाहेबांनी, अर्धा घोट अडकावा तसं, तोंड उघडलं होतं.

तान चव्वेचाळीस सेकंद चालली. तेवढा वेळ भैयासाहेबांचं तोंड उघडंच होतं.

मार्तंडाने त्या रात्री जेवण केलं नाही. कारखान्याचा छापील तक्ता काढून त्याने एका बाजूला तानेचे सेकंद लिहिले आणि दुसऱ्या बाजूला भैयासाहेब जिन्यात किती ठिकाणी थांबले ते. कारखान्यात असा तक्ता साहेबापुढे ठेवला असता तर साहेबाने काही न विचारता सही केली असती. मार्तंडाने स्वतःलाच चार कारणं दिली: थंडी, वय, दमा, योगायोग. चारही चांगली होती. पण त्याने तक्ता पुन्हा पाहिला आणि त्याला रडू यायला लागलं. त्याला माणूस म्हणून वागवणारा एकच माणूस या गावात होता.

मंगळवारी तो कामावरून परस्पर माडीवर गेला. भैयासाहेब दुसऱ्यांदा डॉक्टरकडे गेले होते, नारायणरावांचा हात धरून. अक्का तांदूळ निवडत होत्या. मार्तंडाने अडखळत, माफी मागत सगळं सांगितलं. अक्कांनी त्याला वेड्यात काढलं नाही, हीच गोष्ट त्याला सर्वांत भयंकर वाटली.

"पहिला वन्समोअर कुणी दिला?" त्यांनी एवढंच विचारलं.

"मी दिला, अक्का."

"आणि झाले किती?"

"पाच."

अक्कांनी तांदळातला खडा बोटांवर घेतला. "डॉक्टर म्हणाला, भैयाला खोकलासुद्धा मोठ्याने येता कामा नये. मी रेकॉर्ड फोडेन रे. पण मग तो रेकॉर्डीसाठी मरेल." त्यांनी खडा खिडकीतून बाहेर टाकला. "जाजम मात्र मी रोज धुणार नाही, सांगून ठेव त्या मेल्याला."

कोणत्या मेल्याला, हे मार्तंडाने विचारलं नाही.

५

सहाव्या रविवारी मार्तंडाने सुयांची डबी खिशात घातली. अर्धा तास सगळ्यांनी शोधाशोध केली, चोरासकट. शेवटी भैयासाहेब हसले आणि त्यांनी देवघरातून एक पुडी आणली. पुडीत बाभळीचे काटे होते.

"धारला आम्ही सुया संपल्या की हेच लावायचो," ते म्हणाले. म्हणाले म्हणजे एका वाक्यात तीनदा थांबून म्हणाले. काट्यावर बुवा अधिकच गोड वाजले. वन्समोअरला बावन्न सेकंद.

सातव्या रविवारी भैयासाहेबांना नारायणरावांनी आणि मार्तंडाने खुर्चीसकट खिडकीपाशी आणलं. गेले तीन दिवस ते जिना उतरलेच नव्हते. ओठांवर निळसर छटा, पण डोळ्यांत मुंजीतल्या बटूचा आनंद.

"आज... सातवा," ते म्हणाले. "धारला... जिथे थांबलं... त्याच्यापुढे... जाऊ आज."

मार्तंडाचा बेत तयार होता. पहिली खेप झाली, एकोणीस सेकंद. भैयासाहेब सुई उचलेपर्यंत त्याने ग्रामोफोनची किल्ली काढून पँटच्या खिशात टाकली. स्प्रिंग पार उतरली होती. तबकडी थांबली. सुई, म्हणजे काटा, हवेत. आता काय वन्समोअर द्यायचा तो द्या.

"वन्स... मोअर," भैयासाहेब म्हणाले.

कुणीच हललं नाही. मार्तंडाने खिशातली किल्ली घट्ट धरली आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला आपण शूर आहोत असं वाटलं. बाहेर सकाळचं स्वच्छ ऊन, खाली गिरणीच्या ओट्यावर एक कुत्रं झोपलेलं, कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडे कपबशा वाजत होत्या.

मग कुणीतरी श्वास घेतला.

"मी न जाई," असं माडीत सुरू झालं. तबकडी थांबलेलीच होती. रेकॉर्डवर असते ती खरखर नव्हती, कर्ण्याचा नाकातला सूर नव्हता. मोकळा, ओला, जवळचा आवाज, जाजमाच्या पातळीवरून येणारा.

"भिया," नारायणराव म्हणाले, "मशीन तो बंद है ना?"

मार्तंडाने मान हलवली. त्याचा अंगठा सवयीने घड्याळाच्या बटणावर गेला होता. 'अजुनी' सुरू झालं आणि घड्याळाचा काटा फिरायला लागला. वीस. तीस. पन्नास. काट्याने एक फेरा पुरा केला आणि दुसऱ्यावर निघाला. भैयासाहेबांचा हात दाद द्यायला उठला होता तो तसाच अधांतरी राहिला. चेहरा जांभळा पडत चालला होता, डोळ्यांतून घळाघळा पाणी, आणि ओठांवर हसू.

"टाळी दो," नारायणराव ओरडले. "टाळी मिली कि गवैया समेवर येतो!" आणि ते जीव तोडून टाळ्या पिटायला लागले. आवाज दुपटीने वर चढला.

शिव्या द्यायला हव्या होत्या. 'बेसूर' म्हणायला हवं होतं. मार्तंडाने तोंड उघडलंही. पण तान वरच्या षड्जापाशी पोचली होती आणि तिथे तिने जी गिरकी घेतली ती रेकॉर्डवर नव्हती, कुणाच्याच रेकॉर्डवर नव्हती. समोर भैयासाहेब गुदमरत होते आणि मार्तंडाला वाटत होतं, अजून एक फेरा होऊ दे, एकच. या वाटण्याची त्याला मेल्याहून मेल्यासारखी लाज वाटली. तरीही त्याने उघडलेलं तोंड मिटून घेतलं.

तेवढ्यात अक्का पोह्यांची ताटली घेऊन दारात आल्या. त्यांनी आधी भावाकडे पाहिलं. त्यांचा चेहरा इतका पडला की ताटली हातातून सुटणार असं वाटलं. मग त्यांनी खाली, जाजमाच्या मध्यावर पाहिलं.

आणि त्या हसल्या. साधंसुधं नाही. पदर तोंडाला लावून, खांदे हलवत, खो खो, चौदा वर्षांच्या पोरीसारखं हसल्या.

तान मधेच तुटली. जाजमाची एक कड सर्रकन दुमडली. भरजरी कापड झटकल्याचा आवाज झाला. मग जिन्यात पायातल्या चढावांची टापटाप झाली, सतराच्या सतरा पायऱ्या, अत्यंत अपमानित चालीने. खाली कुत्रं भुंकलं आणि शेपूट घालून पळालं.

६

भैयासाहेबांनी एवढा मोठा श्वास घेतला की खिडकीचा पडदा आत आला. दुसरा घेतला. तिसरा. अंगावर रंग चढला. मार्तंड त्यांचे पाय धरून बसला होता आणि नारायणराव एकाच वेळी रामरक्षा आणि हनुमान चालीसा म्हणत होते, दोन्ही चुकीचं.

पुरता शुद्धीवर आल्यावर भैयासाहेबांनी पहिल्यांदा ओठ हलवले. "व..." एवढं बाहेर आलं, आणि अक्कांनी पोह्यांचा चमचा त्यांच्या तोंडात कोंबला. ते पोहे गिळेपर्यंत त्यांनी दुसरा तयार ठेवला. असे सहा चमचे झाले.

सातव्या चमच्याआधी भैयासाहेबांचे डोळे हळूहळू मोठे झाले. ते हसणं त्यांनी ओळखलं होतं. बावन्न वर्षांनी ओळखलं होतं.

"तू!" ते ओरडले. श्वासाला काही कमी नव्हतं आता. "ती बाई तू? माझ्या घरात? माझ्या पोह्यात?"

"हो, मीच. खा," अक्का म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते, पण चमचा नेमका तोंडाशीच गेला. भैयासाहेबांनी रागाने मान फिरवली आणि पोहे खाल्ले.

मंडळ त्याच दिवशी विसर्जित झालं. निघताना मार्तंड स्वयंपाकघराच्या दाराशी घुटमळला. अक्का जाजम गोळा करत होत्या.

"अक्का, धारला तुम्ही का हसला होतात?"

"अरे, सगळे रडत होते. आई रडत होती. आणि मला चिकाच्या फटीतून दिसलं, तोंडाला पांढरा रंग फासलेल्या त्या मेलेल्याने एक डोळा किलकिला केला होता. वन्समोअर येतोय की नाही, ते बघायला. मला आवरेचना."

"आणि आज मुद्दाम हसलात."

"मुद्दामच हसणार होते. तू सांगून गेलास त्या मंगळवारपासून कढईपाशी घोकत होते. पण भैयाचं तोंड बघून हसू कुठलं येतंय! पार गळून गेले मी. मग खाली पाहिलं." त्यांनी जाजमाची घडी घातली, पांढरं आत राहील अशी. "तोच डोळा. तसाच किलकिला."

मार्तंडाला पुढचं विचारायचं नव्हतं. तरी त्याने विचारलं. "बुवा भैयासाहेबांकडे बघत होते?"

"भैयाकडे कशाला बघेल? त्याचा होताच वन्समोअर." अक्कांनी त्याच्याकडे नीट पाहिलं, आणि त्यांच्या आवाजात माया होती. "तुझ्याकडे बघत होता. तुला आवडलं का, ते."

हात कुठे ठेवावेत हे न सुचून मार्तंडाने ते पाठीमागे बांधले. त्याला आवडलं होतं. एवढं काही त्याला आयुष्यात आवडलं नव्हतं. हे त्याने अक्कांना सांगितलं नाही, पण ज्याला कळायचं त्याला ते कळलंच असणार.

त्याने किल्ली ओट्यावर ठेवली, चपला घातल्या आणि जिना उतरायला लागला. नवव्या पायरीवर तो दम घ्यायला थांबला.